साताऱ्याची पाठ, सांगलीची हळद

साताऱ्याहून परतणारा पाहुणा कंदी पेढे आणतो आणि सांगलीहून परतणारा भडंग. या दोन जिल्ह्यांची ओळख आपल्या घरात अशी पुड्यांतून शिरते. थोडा अधिक हौशी प्रवासी सज्जनगड चढतो, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर घटकाभर टेकतो आणि सांगलीच्या गणपतीपुढे हात जोडून संध्याकाळची गाडी धरतो. यात काही वावगे नाही. आम्हीही हे सारे केले आहे. पेढ्यांच्या बाबतीत तर जरा जास्तच! पण यंदा या वाटेने जाताना मनात एक निराळी चौकशी होती. दुसऱ्याचे ओझे वाहणाऱ्या माणसाची पाठ मोडली, तर पुढे त्याचे काय होते? ही चौकशी याच मुलखात करायची, कारण तिला उत्तर मिळवून देण्यात या मुलखाचा वाटा मोठा आहे.

कऱ्हाडहून पश्चिमेला ढेबेवाडीकडे एस.टी. वळली की उसाचे हिरवे पट्टे हळूहळू मागे पडतात आणि दोन्ही अंगांनी डोंगर जवळ येऊ लागतात. पावसाळा नुकता सरलेला असला तर या खोऱ्यासारखे देखणे खोरे नाही. ओढे वाहते, गवत कमरेइतके, आणि उतारावर भाताची लहान लहान खाचरे. शहरातल्या माणसाला वाटते, इथेच एखादी झोपडी बांधून राहावे. पण खाचराचा आकार नीट पाहिला की हा बेत बारगळतो. एवढ्याशा तुकड्यावर भात-नाचणी पिकवून चार भावांचे वर्ष निघत नाही. म्हणून पाटण, जावळीकडच्या घराघरांतून एकेक, दोन-दोन माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत, आणि ज्यांना कुठेच चिकटता आले नाही त्यांनी मशीद बंदरच्या बाजारात पोते डोक्यावर घेतले. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. एका गावची माणसे एकाच गाळ्यात राहायची, पाळीपाळीने झोपायची आणि महिन्याकाठी घरी मनिऑर्डर धाडायची.

या धंद्यात एक मोठी गोम होती. गिरणीतल्या माणसाला एक मालक असतो; हमालाला दहा. सकाळी गुळाच्या ढेपा, दुपारी तेलाचे डबे, संध्याकाळी कांद्याची पोती. थप्पी कोसळून पाय मोडला तर ज्याच्या दारात तो पडला तो व्यापारी म्हणणार, हा काही माझा नोकर नाही. बरे, त्याचे म्हणणे कागदावर खरेच असायचे! कामावर जखमी झालेल्या कामगाराला नुकसानभरपाई द्यावी, असा कायदा १९२३ सालीच झाला होता. पण भरपाई मागायची ती मालकाकडे, आणि हमालाच्या बाबतीत मालक कोण हेच सिद्ध होत नसे. मग तो माणूस गावच्या गाडीत बसवला जाई. आई-बाप, बायको, भाऊ आणि ते खाचर, हीच त्याची पेन्शन. मुंबईच्या पेढ्यांवर माल चढे, आणि मोडलेल्या पाठीचा हिशेब पाटण तालुक्यातल्या चुलीपाशी चुकता होई.

याच खोऱ्यात मंद्रुळकोळे नावाचे गाव आहे. अण्णासाहेब पाटील यांचा जन्म १९३३ साली इथला. तेही असेच मुंबईला गेले आणि त्यांनी स्वतः हमाली केली. ओझे काय असते हे त्यांना कोणी भाषणातून सांगायची गरज नव्हती. १९६४ साली त्यांनी माथाडी कामगारांची युनियन उभी केली, आणि पाच वर्षांत, १९६९ साली, महाराष्ट्र सरकारला माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

या कायद्याची युक्ती वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे. कामगार आणि व्यापारी यांच्या मध्ये त्याने एक मंडळ बसवले. मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. हमालांच्या टोळ्यांची तिथे नोंद व्हायची, आणि व्यापाऱ्यांचीही. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि औषधपाणी. आणि आमच्या चौकशीचे उत्तरही त्यातच होते. मंडळ ज्यांची मजुरी चुकती करते, त्यांना अपघात झाल्यास भरपाईपुरते मंडळालाच मालक धरावे, असे कायद्याने ठरवले. ज्याला दहा मालक होते म्हणून एकही नव्हता, त्याला अखेर एक मालक मिळाला.

ही मागणी काही आभाळातून पडली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४च्या सप्टेंबरात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारच्या कमिशनपुढे अर्ज ठेवला. रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांची आठवण काढतो. पण त्याच अर्जात आणखी एक कलम होते: काम करताना जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. रविवार सहा वर्षांत मिळाला. ते दुसरे कलम हमालाच्या डोक्यावरच्या पोत्यापर्यंत पोचायला मात्र पंच्याऐंशी वर्षे लागली.

ढेबेवाडीहून पुन्हा कऱ्हाड गाठून आम्ही सांगलीची गाडी धरली. इथे मुंबईला न जाताच मोठी बाजारपेठ भेटते. वसंतदादा मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असले की हवाच पिवळी होते. सदऱ्याची बाही, टोपीची कड, पापण्यांचे केस, सारे हळदीने माखलेले. जणू सगळ्या पेठेचे लग्न निघाले आहे! सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा तोरा निराळाच. पण ही हळद गाडीतून सौद्याला आणि सौद्यातून गोदामात चालत जात नाही. तिला नेणारा हमाल इथेही आहे, त्याची संघटना आहे आणि माथाडी मंडळही आहे.

पोत्यांच्या थप्पीला टेकून एक वयस्क गृहस्थ चहा पीत होते. आम्ही विचारले, "मामा, किती वर्षं झाली?"

"मोजली न्हाईत. पण माझ्या पाठीनं मोजल्यात," ते हसून म्हणाले. "आमच्या वेळंला पोतं क्विंटलचं. फळीवरनं चढताना गुडघं बोलायचं. आता पन्नास किलोचं आलं, तवा पोरांच्या कमरा जरा वाचल्या."

पोत्याचे वजन हा हमालांच्या चळवळीतला फार जुना तंटा. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांची हमाल पंचायत उभी राहिल्यापासून हा प्रश्न सतत मांडला गेला. जिनिव्याच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की प्रौढ पुरुषाला ५५ किलोंपेक्षा अधिक ओझे वाहायला लावू नये. म्हणजे शंभर किलोंच्या पोत्याखाली जाणारा हमाल दोन माणसांचे ओझे एका मानेवर घेत होता. भरपाई ही पाठ मोडल्यानंतरची गोष्ट. पोते हलके करणे ही ती मोडण्याआधीची. शहाणी संघटना दोन्ही मागते.

सांगलीपासून जवळच, चिंचांच्या सावलीतून जाणाऱ्या रस्त्याने हरिपूरला पोचता येते. कृष्णा आणि वारणा इथे भेटतात, संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. नाटकवेड्या माणसाला एवढ्यावरच यात्रा घडल्यासारखे वाटेल. आम्हाला मात्र पेवे पाहायची होती. जमिनीत विहिरीसारखे खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे हे खड्डे. त्यांत हळद भरून तोंड मातीने बंद केले की ती वर्षानुवर्षे कीड न लागता टिकते. बिनखर्चाचे कोठारच म्हणा ना!

पण हवा कोंडते म्हणून हळद टिकते, आणि त्याच हवेत माणूस गुदमरतो. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. काही तास तोंड मोकळे ठेवायचे, मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर थांबायचे; तगली तरच माणूस उतरवायचा. सुरक्षेचा हा नियम कष्टकऱ्यांनी स्वतःच घालून घेतला होता. पुढे २००५च्या महापुराने पुष्कळ पेवे बुडवली, आणि हळद गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागली.

कायदा झाला म्हणजे सारे आलबेल झाले, असे कोणी समजू नये. मंडळाच्या नोंदीबाहेर अजूनही कितीतरी हमाल आहेत. माथाड्यांच्या नावाखाली कोणी उपटसुंभ खंडणी मागतात, अशी व्यापाऱ्यांची तक्रार असते, आणि तीही नेहमीच खोटी नसते. २०२३ साली कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. आपले संरक्षण पातळ होईल ही त्यांची धास्ती होती. तण काढताना पीक उपटले जाऊ नये, एवढे तरी कोणीही शेतकरी मान्य करील.

यंदा नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लागेल, फराळाच्या चिवड्यात हळद पडेल. मुलांना हळद कुठून येते ते सांगताना शेतकऱ्याचे नाव आपण घेतोच. त्याच्या मागोमाग, ते पोते ज्याने वाहिले त्याचेही सांगावे. आणि दारात सिलिंडर किंवा धान्याचे पोते घेऊन कोणी आले, तर ते खाली उतरवायला आधी हात द्यावा. फराळाचे ताट त्यानंतर पुढे करावे.