सह्याद्रीचा अभ्यासक : डॉ. माधव गाडगीळ

चँडलर हे गाव पाण्याच्या हिशेबावर उभे राहिले. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर या पशुवैद्याने कालवे काढले, जमीन भिजविली आणि १९१२ साली येथे वसाहत केली. त्याच्याही शेकडो वर्षे आधी होहोकाम लोकांनी याच खोऱ्यात हातांनी कालवे खणले होते. पुढे शेतीसाठी विहिरींतून इतके पाणी उपसले गेले की, भूजल खोल गेले, आसपासच्या मुलुखात जमीन खचून तिला भेगा पडल्या, आणि अखेर १९८० साली राज्याला भूजलाचा कायदा करावा लागला. प्रत्येक शेतकऱ्याने आपापली विहीर पाहिली होती. सर्व विहिरींच्या तळाशी असलेले पाणी एकच आहे, याचा विचार कोणी केला नव्हता.

सृष्टीतील कोणतीही गोष्ट सुटी पाहू नये, तिचे इतरांशी असलेले धागे पाहावेत, या दृष्टीला समग्र विचार म्हणता येईल. महाराष्ट्रात या विचाराचा आयुष्यभर पुरस्कार करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. माधव धनंजय गाडगीळ. त्यांचे कार्यक्षेत्र सह्याद्री. स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांचे पूर्वज ज्या कोकणातील गावांतून करार लिहून देऊन मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्या गावांना पाणी देणारा डोंगर हाच होय. त्यामुळे ही कथा त्यांना परकी वाटू नये.

माधवरावांचा जन्म २४ मे १९४२ रोजी पुण्यात झाला. वडील धनंजयराव हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ आणि पक्ष्यांचे षौकी. शेजारी इरावती कर्वे राहत. अशा घरात मुलाला एकाच वेळी पाखरे पाहण्याची आणि माणसे पाहण्याची गोडी लागली. फर्ग्युसन महाविद्यालय व मुंबई येथील शिक्षण संपवून ते हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि तेथे १९६९ साली गणिताच्या साहाय्याने जीवसृष्टीचा अभ्यास करून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. परदेशात मानाचे स्थान मिळणे अवघड नव्हते. तथापि १९७१ साली ते पत्नी सुलोचनाबाईंसह मायदेशी परतले. सुलोचनाबाई स्वतः मोसमी पावसाच्या अभ्यासक म्हणून पुढे ख्यातनाम झाल्या.

पुण्यात परतताच वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासह त्यांनी देवरायांचा अभ्यास हाती घेतला. देवाच्या नावाने राखलेले, कुऱ्हाड न लागलेले रान म्हणजे देवराई. शिकलेली माणसे तिला भोळी समजूत म्हणत. परंतु श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडली जाणार, असे कळले तेव्हा तेथील गावकऱ्यांनी ती वाचविण्यासाठी शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे साधे होते : गावाचा झरा त्या रानातून निघतो, रान गेले की झरा जाईल. देव, रान, पाणी आणि गाव यांचा संबंध त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या माणसांना पुरता ठाऊक होता. त्यांच्याकडून शिकावयास हवे, हा धडा तरुण शास्त्रज्ञाने मनात जपून ठेवला.

१९७३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. पुढे कर्नाटकातील बांबू का घटत चालला आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. कागद गिरण्यांना बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने दिला गेला होता. बुरुडाला मात्र बाजारात त्याच्या कित्येक पट किंमत मोजावी लागे. ऱ्हासाचा दोष सरकारी कागदांत गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकलेला असे. गाडगीळ रानात हिंडले, लोकांशी बोलले. तेव्हा असे दिसून आले की, तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण साफ करण्यात येत होते. ते काटे कोवळ्या कोंबांचे रक्षण करीत. काटे गेल्यावर कोंब उघडे पडले आणि गुरांनी खाल्ले. गुरे पूर्वीही होतीच. बिघाड काटे छाटण्यात होता. गावकरी हे सांगत होते, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

१९८३ साली त्यांनी त्याच संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र उभारले. १९८६ साली निलगिरीचे राखीव जीवावरणक्षेत्र, देशातील पहिले, स्थापन झाले. त्यातही त्यांचा मोठा वाटा होता. मानसन्मान पुष्कळ मिळाले; परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती २०१० साली. केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर झाला. सुमारे १,२९,००० चौरस किलोमीटरच्या संपूर्ण घाटप्रदेशाचा एकत्र विचार करून त्याची नाजूकपणाच्या मानाने तीन श्रेणींत विभागणी सुचविली होती. कोठे काय करावे याचा अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावा, असा आग्रह होता. कारखान्यांच्या हिशेबातही दुसरी बाजू मांडली होती : कोकणातील लोटे येथील कारखान्यांत ११,००० लोकांना काम होते, तर दाभोळ खाडीच्या प्रदूषणाने आपल्यापैकी २०,००० लोकांची रोजी बुडाली, असे मच्छीमारांचे म्हणणे होते.

अहवाल सरकारने लगेच प्रसिद्ध केला नाही. तो २०१२ साली लोकांसमोर आला. विरोध प्रखर झाला. खाणवाल्यांचा विरोध समजण्यासारखा होता. पण केरळच्या डोंगरांतील कष्टाळू शेतकऱ्यांनाही आपल्या जमिनी जातील, अशी धास्ती वाटली. अहवाल इंग्रजीत होता, आणि लोकांच्या भाषेत तो वेळेवर व नीटपणे पोचला नाही. लोकांना विचारा, असे सांगणारा ग्रंथच लोकांना वाचता येऊ नये, हे दुर्दैव होय. २०१३ साली दुसऱ्या समितीने संरक्षित करावयाचा भाग सुमारे ३७ टक्क्यांवर आणला. पुढे माळीण (२०१४), तळिये (२०२१) आणि वायनाड (२०२४) येथे दरडी कोसळून शेकडो जीव गेले. प्रत्येक दरडीचे कारण एकच नसते, अतिवृष्टीही असते. तरीही त्या त्या वेळी लोकांना गाडगीळांच्या अहवालाची आठवण झाली.

त्याच अहवालात एक नोंद आहे. सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांच्या ग्रामसभांनी, आमचे गाव संरक्षित क्षेत्रात घ्या, असे ठराव स्वतः होऊन केले होते. खाणीच्या पैशापेक्षा त्यांना आपले पाणी, बागा आणि रान मोलाचे वाटले. याच परिसरातून एके काळी पोटासाठी माणसे समुद्रापार गेली. जे मागे राहिले, त्यांचे वंशज आज तो डोंगर राखू पाहत आहेत. जे गेले, त्यांच्या वंशजांनी आजी-आजोबांकडून गावाचे नाव ऐकले असेल, तर त्या गावाचा झरा कोठून येतो, हेही एकदा विचारून घ्यावे. आणि चँडलरच्या घरात नळ सोडताना ते पाणी किती दुरून, किती जणांच्या वाट्यातून येते, हे मुलांना सांगावे. गाडगीळांच्या विद्येचा आरंभ अशाच प्रश्नांपासून झाला होता.