तीन नकार

नोव्हेंबरच्या ३ तारखेस जपानात संस्कृतिदिनाची सुटी असते. २०२३ साली ती शुक्रवारी आली आणि शनिवार-रविवार जोडून मिळाले. प्रशिक्षणासाठी वर्षभर तोक्योस धाडलेले आम्ही तिघे मराठी अधिकारी. एरवी तिघांचे मुक्काम तीन प्रांतांत. कचेरीचा विषय काढावयाचा नाही, एवढ्या अटीवर किसोच्या खोऱ्यात जाण्याचे ठरले. नाकात्सुगावाला आगगाडी सोडून बसने मागोमेस गेलो आणि पायी त्सुमागोची वाट धरली.

ही वाट जुन्या नाकासेन्दोची. एदोहून क्योतोस जाणाऱ्या या डोंगरी राजमार्गावर ६९ मुक्काम होते. त्सुमागो ४२ वा, मागोमे ४३ वा. दोहोंत अंतर सुमारे ८ किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलांना चाहूल लागावी म्हणून वाटसरूने त्या वाजवावयाच्या. आम्ही त्या वाजविल्या आणि सवयीने हातही जोडले! खिंड उतरल्यावर एका जुन्या घरात चुलीवर किटली उकळत होती. तेथे चहा फुकट मिळतो. तो पिताना आम्ही उगीचच ओशाळलो.

त्सुमागोत शिरलो तेव्हा ऊन कलले होते. काळवंडलेल्या लाकडाची घरे, रस्त्यावर विजेची तार नाही, दिवसा मोटार नाही. १९११ मध्ये मध्यमार्गाची आगगाडी पुरी झाली, पायी प्रवास संपला आणि गाव मागे पडले. तरुण शहराकडे गेले. उरलेल्यांनी १९७१ साली मिळून ठरविले : घर विकावयाचे नाही, भाड्याने द्यावयाचे नाही, मोडावयाचे नाही.

हे ऐकून आमच्यापैकी एक गप्प झाला. रात्री जेवणानंतर त्याने पिशवीतून एक कागद काढला. गुहागर तालुक्यातील वडिलोपार्जित घराच्या विक्रीचे मुखत्यारपत्र. भावांनी आपापली दिली होती. ह्याची सही तेवढी दूतावासात व्हावयाची होती.

“येथे गावाने एकत्र बसून ठरविले. आपण एकेकटे नोकरीला गेलो, एकेकटे विकतो आहोत,” एक म्हणाला.

“नियमाने ओटी झाडली जात नाही,” दुसऱ्याने उत्तर दिले.

खाणावळीच्या वृद्ध मालकिणीला आम्ही दूरध्वनीवरील भाषांतरयंत्राने विचारले. मुले नागोयाला असतात, नववर्षाला येतात, ती म्हणाली. घर राहील, पण पाने मलाच झाडावी लागतात आणि कंबर दुखते. यंत्राने हे सारे एकाच सुरात सांगितले. तिचा चेहरा मात्र हसरा होता. त्या हसण्याचा अर्थ आम्ही तिघांनी तीन तऱ्हांनी लावला.

पहाटे जाग आली ती खराट्याच्या आवाजाने. कोकणातही सकाळ ह्याच आवाजाने सुरू होते. कोणी काही बोलले नाही.

नागिसोच्या स्थानकावर गाडीला अवकाश होता. मित्राने तो कागद पुन्हा काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने घराचा नकाशा रेखू लागला. ओटी, माजघर, पडवी, परसातली विहीर भराभर उमटली. देवघराचे दार कोणत्या अंगाला, येथे येऊन पेन्सिल थांबली. आम्ही गाडीच्या दिशेने पाहू लागलो.