दारासमोरची भिंत

रत्नागिरीला नव्याने येणारा पाहुणा प्रथम रत्नदुर्ग पाहतो, मग भाट्याची वाळू, मग थिबा राजवाडा. आंब्याचे दिवस असले तर या तिन्हींपेक्षा आंबाच त्याच्या अधिक लक्षात राहतो. परंतु हे गाव खरे पाहायचे ते कुणाच्या तरी ओटीवर बसून. अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, ओटीवरून माजघर, असे इथले घर पायरी-पायरीने आत जाते. आणि कोणी कुठवर जावे हे त्याच्या नात्यावर ठरलेले असते. पोस्टमन पडवीपर्यंत, व्याही ओटीपर्यंत, आणि माहेरवाशीण थेट चुलीपर्यंत.

या ओटीला माजघराच्या बाजूने जी भिंत असते ती घराची दर्शनी भिंत. झोपाळ्यावर बसले की ती समोर येते. तिच्यावर काय आहे ते पाहावे आणि घर ओळखावे, अशी आमच्याकडची रीत. आजोबा फेट्यासह, पणजोबा पगडीसह; बायकांचे फोटो त्या रांगेत फार उशिरा आले. मधोमध लोकमान्य, ते तर आमच्या गावचेच, १८५६ साली इथे जन्मलेले. आणि एका बाजूस रविवर्म्याची लक्ष्मी किंवा सरस्वती. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तिथून निघालेल्या रंगीत देवता घरोघरी काचेच्या चौकटीत जाऊन बसल्या. छापील चित्रे येण्याआधी सामान्य घरातल्या भिंतीवर तयार चित्र विकत आणून लावण्याची सोयच फारशी नव्हती. मग भिंती काय कोऱ्या होत्या?

मुळीच नाही. ज्याला चित्र हवे असेल त्याने ते भिंतीवर काढायचे, इतकाच फरक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवरची चित्रे आजही पाहावयास मिळतात. परंतु ती झाली सरदारी हौस. गरिबाच्या घरीही ही हौस होतीच. वारल्यांच्या घरी लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. आणि आमच्या दक्षिण कोकणात गणपतीच्या आधी, जिथे मूर्ती बसायची तिच्या मागची भिंत रंगवायची पद्धत अनेक घरांत होती, अजूनही काही घरांत आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी कागदावर रामायण-महाभारत रंगवून गावोगाव कथा सांगत फिरत. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तेही आमच्याच जिल्ह्यातले. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां रत्नागिरीकरांना जुना शेजारी मोठा झाल्याचा आनंद झाला.

या घरगुती भिंतचित्रांची एक गंमत आहे. ती टिकवण्यासाठी काढलेलीच नसत. वर्षाने पुन्हा चुन्याचा हात फिरायचा आणि त्यावर नवे चित्र यायचे. याचे कारण भक्तीत आहे तसेच हवेतही आहे. रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. घरे जांभ्या दगडाची. हा दगड मोठा अजब. खाणीतून काढताना मऊ, उन्हावाऱ्यात राहिला की कठीण. थिबा राजवाडाही याच दगडाचा. पण जांभा सच्छिद्र. तो पाणी पितो आणि सावकाश सोडतो. श्रावणात भिंतीला तळवा लावला तर तापातून उठलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखा ओलसर गारवा लागतो. अशा भिंतीला चुनाच मानवतो, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. त्यावर काढलेले चित्र मात्र दोन-चार पावसाळ्यांत खालून उडू लागते.

याच जांभ्यावर टिकलेली चित्रेही आहेत, पण ती घराबाहेर, उघड्या सड्यावर. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गेल्या दशकभरात सडे पायी तुडवून प्रागैतिहासिक काळातली शेकडो कातळशिल्पे उजेडात आणली. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे अठरा मीटर लांबीचा एक हत्ती कातळात कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात पुष्कळ प्राणी आहेत. २०२२ साली ही स्थळे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सडा हजारो वर्षे राखतो आणि ओटी वर्षभरच राखते, दगड एकच. कोरलेली रेघ पाऊस सोसते, चुन्यावरचा रंग सोसत नाही.

आता ओट्या कमी होत चालल्या आहेत. नाचणे रस्त्याला, साळवी स्टॉपकडे इमारती उभ्या राहिल्या, आणि ओटीच्या जागी आला दाराच्या आतला चार पावलांचा बोळ. दार उघडले की समोर भिंत. या भिंतीवर हल्ली छापील चित्राचा मोठा कागद चिकटवतात. दुकानात गेलात तर तो तुमच्यापुढे जाडजूड वह्या ठेवतो. एकीत बर्फाचे डोंगर, दुसरीत पानगळीचे जंगल, तिसरीत धावणारे सात घोडे. एका परिचितांच्या दारात मी असे तळे पाहिले. काठाला सूचिपर्णी वृक्ष, मागे हिमशिखरे. बाहेर मृगाची सर कोसळत होती आणि आत बर्फ!

असे परक्या मुलुखाचे चित्र भिंतीवर लावण्याची हौस जुनी आहे. आल्सास प्रांतातील रिक्सहाइम गावच्या झुबेर कारखान्याने १८०७ साली 'लॅन्दुस्तान' नावाचा भिंतकागद काढला. डॅनियल काका-पुतण्यांनी आपल्या देशाची जी चित्रे छापली होती, त्यांवरून मोंजँ या चित्रकाराने तो रचला. वीस पट्टे शेजारी शेजारी लावले की साहेबाच्या दिवाणखान्यात हिंदुस्थान उभा! त्यासाठी १,२६५ लाकडी ठसे लागले होते. त्याच कारखान्याच्या उत्तर अमेरिकेच्या देखाव्याचा एक जुना कागद १९६१ साली जॅकलीन केनेडी यांनी व्हाइट हाउसमध्ये, परदेशी वकील जिथे प्रथम प्रवेश करतात त्या दालनात लावून घेतला. मेरीलँडमधले एक घर पाडण्यात येणार होते. त्याच्या भिंतीवरून तो अलगद सोडवून आणलेला होता.

ही हकीगत मी वाचली तेव्हा आमच्याही घरापुढे तोच प्रश्न उभा होता. आमचे वरच्या आळीतले घर पाडायचे ठरले होते. वाटण्या झाल्या होत्या, वासे वाळवीने खाल्ले होते, त्यात कुणाचा दोष नव्हता. आईसाठी नाचणे रस्त्याला दोन खोल्यांची जागा घेतली. आई ब्याऐंशी वर्षांची. ती तिथे राहायला आली, पण त्या जागेला घर म्हणेना. "बिऱ्हाडी जाते," म्हणायची.

जुन्या ओटीवर माझ्या काकांनी रंगवलेली भिंत होती. काका शाळेत ड्रॉइंग शिकवीत. दर श्रावणात भिंतीला चुना देऊन ते गणपतीमागचे चित्र काढत, विषय ठरलेला. रत्नदुर्ग, त्यावर भगवतीचे देऊळ, पलीकडे दीपगृह, आणि समुद्रात धूर सोडणारी मुंबईची आगबोट. समुद्राला धुण्याची नीळ, किल्ल्याला काव, धुराला काजळी. बोटी बंद होऊन कित्येक वर्षे झाली तरी काकांच्या भिंतीवरची बोट वेळेवर येत असे. काका गेले त्यानंतर भिंत कुणी रंगवली नाही. आधी थर्मोकोलचे मखर आले, २०१८ साली त्यावर बंदी आली, मग कापडी पडदा आला. पडद्यामागे काकांचे शेवटचे चित्र तसेच राहिले. आतल्या बाजूची भिंत म्हणून टिकले. तरी खालचा वीतभर समुद्र लोण्याने खाल्लाच होता.

मेरीलँडचा कागद भिंतीवरून सुटला. आमचा चुना कसा सुटणार? धाकट्या भावाने मार्ग काढला. चित्राचे तुकड्यातुकड्यांनी फोटो घेतले, ते जुळवले, आणि नव्या जागेच्या दारासमोर लावण्यासाठी भिंतकागदावर छापून घ्यायचे ठरवले. अडचण एकच. चित्र सहा फूट रुंद, आणि नवी भिंत आठ फूट. छापणाऱ्याने सांगितले, "काही काळजी करू नका, संगणकावर दोन फूट समुद्र वाढवून देतो. खालचा खराब भागही भरून काढतो."

आई म्हणाली, "भावोजींनी काढला तेवढाच समुद्र असू दे. वाढवलेला त्यांचा नव्हे. आणि पोपडे गेले ते गेले."

तेव्हा दोन-दोन फुटांचे तीनच पट्टे छापले आणि उजवीकडे दोन फूट भिंत पांढरी ठेवायचे ठरले.

कागद चिकटवायला लांज्याकडचे एक मिस्त्री आले. मार्गशीर्षातले कोरडे दिवस त्यांनीच निवडून दिले होते. "पावसात कागद लावणार नाही सर, कितीही पैसे द्या," असे पहिल्याच दिवशी त्यांनी बजावले. आल्यावर त्यांनी प्लॅस्टिकचा दीड फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून भिंतीला लावला आणि निघून गेले. दोन दिवसांनी येऊन तो काढला, आतून दव धरले नाही हे पाहिले, मगच पिशवी उघडली. भिंत न्हाणीघराला लागून नसावी, बाहेरची नसावी, आणि असलीच तर आधी गळती काढावी, हा त्यांचा कायदा. कागदही त्यांनी तंतूंचा घ्यायला लावला होता. प्लॅस्टिकच्या थराचा चकचकीत कागद ओल कोंडून ठेवतो आणि त्याच्या पाठीमागे बुरशीचे शेत पिकते, असे ते म्हणाले. मला आमचा चुना आठवला. विद्या नवी, पण भिंतीला श्वास घेऊ द्यावा हा मंत्र जुनाच.

मग पुट्टी, घासकागद, प्रायमर. बटणांची झाकणे काढून ठेवली. ओळंबा सोडून पेन्सिलीने एक उभी रेघ मारली. "घराचा कोपरा सरळ आहे असे कधी समजायचे नाही, पहिला पट्टा ओळंब्याला लावायचा, कोपऱ्याला नाही," हे त्यांचे वाक्य मी पुढे वर्गात सांगितले, व्याकरणालाही ते लागू पडते. खळ भिंतीला लावायची, पट्टा वरून सोडायचा, मधून कडांकडे हात फिरवीत आतली हवा काढायची. वर-खाली चार बोटे कागद जास्त ठेवलेला असतो, तो पट्टी धरून पात्याने कापायचा. दुसऱ्या पट्ट्याची वेळ आली तेव्हा आई खुर्ची घेऊन समोर बसली, कारण आगबोट नेमकी सांध्यावर येत होती.

"बोट तुटायची नाही ना रे?" तिने विचारले.

"आजी, धूरसुद्धा तुटणार नाही," मिस्त्री म्हणाले. आणि खरोखरच तुटला नाही.

आईने पुष्कळ वेळ पाहिले. नंतर ती म्हणाली, "आता तिकडची भिंत पुसायला हवी."

आम्हांला अर्थ कळेना. ती म्हणाली, "गणपती गेले की चित्र पुढच्या श्रावणापर्यंत ठेवायचे आणि मग चुना द्यायचा. भावोजी गेले आणि तेवढे राहून गेले. घर पाडणारे येतील, ते त्या चित्रावर घण घालतील. मला ते नको."

वैशाखात घर पाडायच्या आदल्या आठवड्यात आम्ही तिला रिक्षाने वरच्या आळीत नेले. बादलीत चुना कालवला. पहिला हात तिने मारला, तो तिच्या उंचीपर्यंत पोचला. म्हणजे समुद्र बुजला. किल्ला आणि देऊळ भावाने बुजवले. चुना ओला असेपर्यंत आगबोटीचा धूर त्यातून दिसत होता, वाळला तसा दिसेनासा झाला. त्या एका भिंतीत चाळीसएक चित्रे एकाखाली एक होती, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आले. पाडणाऱ्यांना सापडली ती एक पांढरी भिंत.

यंदाचा गणपती नव्या जागेत आला. दारासमोर, काकांच्या समुद्रालगत जी दोन फुटांची पांढरी पट्टी राहिली आहे, तिच्यावर आईने माझ्या पुतणीला चित्र काढायला बसवले. पुतणी नऊ वर्षांची. तिने कोकण रेल्वे काढली. गाडी बोगद्यातून निघून थेट समुद्राकडे येते आहे आणि तिच्या डब्यांतून सगळे प्राणी बाहेर पाहत आहेत. कशेळीचा हत्ती तिने शाळेच्या सहलीत पाहिला होता, असे नंतर कळले. पुढल्या श्रावणात ही पट्टी पुन्हा पांढरी करायची आहे, हे तिला आधीच सांगून ठेवले आहे. तिची काही तक्रार नाही. आई अजून कधी कधी "बिऱ्हाड" म्हणते. परंतु परवा शेजारणीला फोनवर पत्ता सांगताना मी ऐकले, "दार उघडलेस की समोर रत्नदुर्ग दिसेल, तेच आमचे घर."

दिवाळीत रंगकाम निघते, दारासमोरच्या भिंतीचा विषय अनेक घरांत निघत असेल. कागद जरूर लावा. हिमशिखरे आवडत असतील तर तीही लावा. साहेबाने नाही का हिंदुस्थान लावला? फक्त भिंत कोरडी आहे ना ते आधी पाहा, आणि कागद थोडा कमीच घ्या. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हाताला पोचेल एवढी भिंत मोकळी असू द्यावी.