पिरोटनचे पोवळे

माझ्या प्रबंधात उपमानांवर एक दीर्घ प्रकरण आहे आणि त्यात विद्रुमाला, म्हणजे पोवळ्याला, चार पाने दिलेली आहेत. ती लिहिली तेव्हा जिवंत पोवळे मी पाहिलेले नव्हते. वडिलांच्या अनामिकेत मंगळासाठी घातलेले एक होते, तेवढाच परिचय. ओठांसाठी, बोटांच्या अग्रांसाठी कवींनी ते कसे योजले याची वर्गवारी मात्र मी आत्मविश्वासाने केली होती.

डिसेंबर १९९४ मध्ये बडोद्यातील काही कुटुंबांबरोबर आम्ही पिरोटनला तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. कच्छच्या आखातात, जामनगरपासून जवळ हे बेट आहे. तेथील सागरी परिसराला १९८० मध्ये अभयारण्याचा आणि १९८२ मध्ये त्यातील काही भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सागरी उद्यान म्हणून ते देशातील पहिले. पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. अण्णा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. मोतीबिंदूमुळे त्यांना फार थोडे दिसे. त्यांनी येऊ नये असे मी सुचवून पाहिले. ‘‘अरे, समुद्र ऐकायला डोळे कशाला लागतात?’’ एवढेच ते म्हणाले.

त्या आखातात माणसाचे वेळापत्रक चालत नाही. भरतीला होडी निघते, भरतीलाच परत फिरते; पिण्याचे पाणीसुद्धा बरोबर न्यावे लागते. दीपस्तंभ, तिवरांची झाडी आणि रात्रभर कनातीवर आपटणारा गार वारा, यापलीकडे रात्रीचे फारसे काही आठवत नाही. आठवते ती सकाळची ओहोटी. समुद्र इतका मागे हटला होता की काल होडीखाली असलेल्या भूमीवर आम्ही घोटाभर पाण्यातून चालत होतो. इतरत्र प्रवाळखडक पाहायला बुडी मारावी लागते. येथे तो पायी पाहता येतो. म्हणूनच तो पायांखाली येण्याचाही धोका मोठा. ‘‘पग संभाळीने मूकजो,’’ वाटाड्या पुन्हापुन्हा बजावत होता.

माझा पहिला अनुभव निराशेचा होता. लाल असे काहीच नव्हते. मातकट, हिरवट, मोहरीच्या रंगाचे उंचवटे. काही फुलकोबीच्या गड्ड्यासारखे, काही थाळीसारखे पसरलेले. पुढे वाचनात आले की दागिन्यांतले लाल पोवळे हे निराळेच. प्राचीन काळी ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून व्यापाराने आपल्याकडे येई. भारतीयांना पोवळ्याचे केवढे मोल वाटते याची नोंद पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी करतो, आणि कौटिल्याने सांगितलेल्या पोवळ्याच्या एका प्रकाराचा संबंध काही अभ्यासकांनी अलेक्झांड्रियाशी जोडला आहे. म्हणजे आमचे हे अस्सल देशी उपमान गलबतातून आलेले! ‘प्रवाळ’ या शब्दाचा दुसरा अर्थ कोवळा अंकुर असा आहे, याचीही नोंद माझ्या प्रबंधात आहे, तळटीपेत.

अण्णा धोतर खोचून, काठी रोवून एका जागी उभे होते. मुलगी उकिडवी बसून त्यांना सारे सांगत होती. एका खळग्यातला अष्टपाद रंग बदलत होता, तो तिने सांगितला, समुद्रकाकडी सांगितली. ‘‘आणि पोवळ्याचा रंग?’’ अण्णांनी विचारले.

‘‘बाजरीच्या भाकरीसारखा, आजोबा.’’

‘‘म्हणजे कवींनी फसवलेच म्हणायचे,’’ ते हसत म्हणाले.

त्याच वेळी, त्यांच्यापासून दहा पावलांवर, मी थाळीसारख्या एका पोवळ्याची पातळ कड मोडली आणि हातरुमालात गुंडाळली. मेलेलेच असावे, अशी मनाची समजूत घातली. मान वर केली तेव्हा मुलगी माझ्याकडे पाहत होती. क्षणभरच. मग ती आजोबांकडे वळली आणि पुढचे सांगू लागली.

परतीच्या प्रवासात, रेल्वेच्या डब्यात, अण्णांनी नाक वर केले. ‘‘इथे काहीतरी मेले आहे,’’ ते म्हणाले. मी मासळीच्या कोणा टोपलीवर ढकलले. मुलगी खिडकीबाहेर पाहत राहिली. वास माझ्या पिशवीतून येत होता, आणि मेलेल्या दगडाला वास येत नसतो.

घरी गच्चीवर आठ-दहा दिवस उन्हात ठेवल्यावर तो तुकडा पांढराशुभ्र झाला. त्यावरची बारीक भोके म्हणजे एकेका जीवाचे घर. भाकरीचा तो रंग त्यांच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. समुद्र फार तापला की हे शैवाल निघून जाते. १९९८ मध्ये लक्षद्वीपची पोवळी तशी पांढरी पडल्याचे वाचले, तेव्हा टेबलावर कागद दाबण्यासाठी मी तोच तुकडा वापरत होतो. त्या दिवशी तो खणात गेला. अण्णा २००३ मध्ये गेले. वास कशाचा होता, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यांना ते कळले नसेल असे मात्र आज म्हणवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलगी आली होती. तिच्या मुलाने खण उपसताना तो तुकडा बाहेर काढला, उलटसुलट केला आणि मुलांच्या सवयीने नाकाशी नेला.

‘‘याला कसलाच वास येत नाही,’’ तो म्हणाला.

‘‘आता येत नाही,’’ मुलगी म्हणाली.