कुठं मोडायचं ते आधी ठरव

गेल्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी मी बंगळूरहून बेळगुंदीला पोचलो, तर शेजारच्या काकू रिकामी घागर घेऊन आमच्या दारात उभ्या. "तुझं यंत्र बंद पडलंय बघ. घरात अठरा माणसं आलीत आणि टाकीत पाणी न्हाई."

यंत्र म्हणजे मी केलेला एक लहान सर्किट बोर्ड. टाकी रिकामी झाली की मोटर चालू करायची, भरली की बंद करायची, एवढंच त्याचं काम. उन्हाळ्यात गावातल्या चौदा घरांत मी तो बसवला होता. दुपारपर्यंत कळलं, पाच घरांत तो बंद आहे. त्या पाचही घरी जाऊन मोटर थेट बटणावर जोडून दिली आणि बोर्ड काढून आणले. कुणी रागावलं नाही, पण मला लाज वाटली. लोकांनी ते यंत्र बाबांच्या शब्दावर घेतलं होतं.

माझं बीई कॉम्प्युटरचं, नोकरी सॉफ्टवेअरची. बोर्ड बनवणं हा सुट्टीतला छंद, त्यामुळे खर्च कमी ठेवणं भाग होतं. माझा बोर्ड ४५ × ३० मिलिमीटरचा. स्वस्तात बोर्ड करून देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत १०० × १०० मिलिमीटरपर्यंत एकच कमी दर असतो आणि निदान पाच नग घ्यावे लागतात. तेवढ्या जागेत एकच बोर्ड करून घेणं म्हणजे अख्ख्या ताटात एकच वडी थापणं. मी दोन उभ्या रांगांत तीन-तीन असे सहा बोर्ड एकमेकांना चिकटवून मांडले. वर-खाली धरायला पाच-पाच मिलिमीटरची पट्टी ठेवली. पाच नगांत तीस बोर्ड झाले! शिवाय सोल्डर पेस्टची स्टेन्सिल एकदा ठेवली की सहा बोर्डांवर एका हातात पेस्ट लागते. याला पॅनेल करणं म्हणतात. काही कंपन्या पॅनेलला जादा पैसे लावतात, तेवढं आधी विचारून घ्यावं.

जोडलेले बोर्ड नंतर सुटे करायचे असतात. आई नारळाच्या वड्या थापल्या की गरम असतानाच सुरीनं रेघा मारते आणि थंड झाल्यावर वड्या त्याच रेघांवर सुटतात. तशीच १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डाला वरून आणि खालून व्ही आकाराची खाच मारतात. मधे साधारण अर्धा मिलिमीटर शिल्लक राहतो. ही खाच सरळच मारता येते. बोर्डाचा आकार वेडावाकडा असेल तर भोवतीनं कापून मधे बारीक भोकांचे सांधे ठेवतात, पोस्टाच्या तिकिटांना असतात तसे. इंग्लंडात १८४० साली निघालेलं पहिलं तिकीट कात्रीनं कापावं लागे. तिथं तिकिटांना भोकं आली ती १८५४ साली.

मी सरळ खाच घेतली होती आणि बिस्किट मोडावं तसे बोर्ड हातानं मोडले होते.

रात्री आरती झाल्यावर ते पाच बोर्ड घेऊन बसलो. प्रोग्राम तपासला, तो ठीक होता. बाबा शेजारी येऊन बसले. त्यांची तीस वर्षं उद्यमबागेतल्या फौंड्रीत गेली. त्यांनी एकेका बोर्डाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्या पाचांचं उजवं अंग खरबरीत लागतंय. आपल्या घरातला चालूलाय न्हवं, तो बघ की." आमच्या घरचा काढून बघितला. त्याची उजवी कड गुळगुळीत होती.

मग उलगडा झाला. डाव्या रांगेतल्या बोर्डांची उजवी कड म्हणजे पॅनेलची मधली खाच, मी मोडलेली. उजव्या रांगेतल्यांची उजवी कड म्हणजे पॅनेलची बाहेरची बाजू, तिला धक्काच लागला नव्हता. आणि त्याच कडेला, खाचेपासून दोन मिलिमीटरवर, मी तांदळाच्या दाण्याएवढा सिरॅमिक कपॅसिटर आडवा बसवला होता. सिरॅमिक काचेसारखं ठिसूळ. बोर्ड मोडताना वाकला आणि कपॅसिटरला आतून चीर गेली. ती बाहेरून दिसत नाही. उन्हाळ्यात सगळं चाललं. पावसाळ्यात चिरेत ओल शिरली आणि कपॅसिटर शॉर्ट झाले. मीटर लावला तर पाचही तसेच निघाले.

बाबा म्हणाले, "कास्टिंग आम्ही गेटवरनं मोडतो. पॅटर्न करतानाच तिथं मान बारीक ठेवायची, न्हाईतर कास्टिंगचाच टवका निघतोय. कुठं मोडायचं ते आधी ठरव, मग जोड."

नव्या डिझाइनमध्ये कपॅसिटर खाचेपासून सहा मिलिमीटर आत नेला आणि त्याची लांबी खाचेला समांतर ठेवली, म्हणजे वाकण्याचा ताण कमी येतो. हातानं मोडणं बंद केलं. करंजीच्या कातण्यासारखी चाकं असलेलं हत्यार मिळतं, ते खाचेतून फिरवलं की बोर्ड फारसा न वाकता सुटतो. तुमच्यापैकी कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पॅनेल करणार असाल तर एवढं नक्की पाळा.

दिवाळीला नवे बोर्ड घेऊन गावी गेलो. चौदांपैकी आठ घरांत खरबरीत कडेचे बोर्ड होते. त्यातली तीन यंत्रं अजून चांगली चालत होती. ती तशीच ठेवावीत असं क्षणभर मनात आलं. मग त्या घरीही खरं काय ते सांगितलं आणि बदलून दिली, पैसे न घेता. तीस बोर्डांत वाचवलेले पैसे त्यात गेले.

यंदाच्या पावसात चौदाही चालू आहेत. नवा बोर्ड आता बाबांनी कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय कुणाच्या घरी जात नाही.