योनाचा एरंड

‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून या झाडाची मराठी माणसाने कायमची थट्टा करून ठेवली आहे. गुऱ्हाळही एरंडाचेच! त्यामुळे धर्मग्रामगृहाच्या अंगणात आम्ही मुद्दाम एरंड लावला, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना नवल वाटले. कुंपणाचे झाड फादरांनी फुलझाडांत कशाला आणले?

त्याला कारण योना संदेष्टा. निनवे नगरीबाहेर रुसून बसलेल्या योनावर देवाने ज्या झाडाची सावली धरली, त्याचे हिब्रू नाव किकायोन. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचा भोपळा केला, तर संत जेरोमने लॅटिनमध्ये आयव्हीचा वेल. इ. स. ४०३ च्या सुमारास संत ऑगस्टीनने जेरोमला पत्राने कळवले की, ओएआ (आजचे त्रिपोली) येथे हा नवा शब्द कानी पडताच मंडळींनी एवढा गदारोळ केला की तेथील बिशपांना माघार घ्यावी लागली. लॅटिन मिस्सा मराठीत आली तेव्हाची कुरकुर वडीलधाऱ्यांकडून ज्यांनी ऐकली आहे, त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. गंमत अशी की, जेरोमने स्वतः केलेले वर्णन वेलाचे नाहीच: रुंद पाने, गर्द सावली, स्वतःच्या खोडावर उभे राहणारे आणि पाहता पाहता वाढणारे झाड. तो एरंडच असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

आम्ही पाऊस लागताच रात्रभर भिजवलेली बी इंचभर खोल पुरली. उन्हाची जागा आणि शेणखत, एवढेच त्याचे मागणे. गणपतीच्या सुमारास झाड आमच्या डोक्यावर गेले. तांबूस देठ, पंजासारखी फाकलेली पाने! थंड देशांतील बागवान हे झाड एका हंगामापुरते हौसेने लावतात. तेथे पहिले कडक हिव पडले की ते मरते. आपल्याकडे ते वर्षानुवर्षे टिकते, पण पुढे किडकिडीत होते. म्हणून दरवर्षी नवे लावावे, हे आमचे मत.

मग उंटअळी आली. चार दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, आणि आमचा असा संताप झाला की योनाचे रुसणे प्रथमच नीट समजले. त्यावर देवाने त्याला विचारले होते: उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजार माणसे त्या नगरीत आहेत, त्यांची मी कीव करू नये काय? ही लहान मुले असावीत, असे काही भाष्यकार म्हणतात.

तशी मुले दर रविवारी आमच्याही अंगणात असतात. एरंडीच्या चकचकीत, नक्षीदार बिया त्यांना मण्यांसारख्या वाटतात, आणि त्या चावून खाल्ल्यास जिवावर बेततात. त्यांतील रायसिन हे विष तेलात उतरत नाही, म्हणून आजीचे एरंडेल निर्धोक. बी मात्र नाही. काही पालकांनी झाड उपटण्याचा आग्रह धरला, तो रास्तच होता. आम्ही मध्यम मार्ग काढला आहे: फुलांचा तुरा दिसताच तो खुडायचा, बोंडे धरूच द्यायची नाहीत. शनिवारी संध्याकाळी, उपदेशाची तयारी करण्याआधी, कात्री घेऊन आमची एक फेरी असते.