चुंबळीवरचा नाद

वर्ध्याला जाणारा माणूस बहुधा डोळ्यांनी पाहायला जातो. सेवाग्रामची बापूकुटी, पवनारला धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम, गीताई मंदिर, एवढे पाहून झाले की त्याचे वर्धे संपते आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत फिरतो. या जिल्ह्यात कानांनीही पुष्कळ हिंडता येते, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझी थोरली बहीण वर्ध्याला असते. यंदा पोळ्याच्या सुमारास चार दिवस तिच्याकडे होतो, आणि ते चारही दिवस मी चर्मवाद्यांच्या मागे घालवले. मराठीच्या प्राध्यापकाला हा उद्योग कोणी सांगितला, असे वाचक विचारतील. सांगतो.

माझे मेहुणे तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवीत. ते आता नाहीत. गणपती आले, शारदोत्सव आला की त्यांचा मुक्काम आज हिंगणघाट तर उद्या आर्वी. मुंबईहून कोणाकडून तरी त्यांनी एक जुना अमेरिकन बनावटीचा संच मिळवला होता, 1960 ते 70 च्या दशकातला. पुढे नोकरी आली, संसार आला, आणि संच माळ्यावर गेला. या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने तो खाली उतरवला, पुसून लखलखीत केला, नवी पुडी चढवली. मोठा ढोल घुमला, झांजा खणखणल्या. पण मोठ्या ढोलावर बसवलेले दोन लहान ढोल, ज्यांना टॉमटॉम म्हणतात, ते काही केल्या बोलेनात. काठी मारली की गहू भरलेल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज. ‘लाकूड मेले आहे, विकून टाका,’ असा सल्ला एका जाणकाराने दिला आणि गिऱ्हाईकही आणले. ताईने त्यावर वाद घातला नाही. एवढेच म्हणाली, “विकायचा तर दिवाळीनंतर वीक. सणात घरातून काही जायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे एक टॉमटॉम काखोटीला मारून गावातल्या एका तबलेवाल्याच्या दुकानी गेलो. दुकान म्हणजे एक ओटा. त्यावर खोडे, पुड्या, गट्टे आणि वाद्यांची वेटोळी. म्हातारबुवांनी आयुष्यात विलायती ढोल दुरुस्त केला नव्हता. पण त्यांनी तो हातात घेतला तो अशा रीतीने, की भाचा पाहतच राहिला. दोन बोटांनी वरचे कडे धरले, ढोल हवेत लोंबता ठेवला आणि दुसऱ्या हाताने टिचकी मारली. घरी मुका असलेला तो ढोल एकदम बोलला, आणि बोलून झाल्यावरही थोडा वेळ बोलतच राहिला!

“लाकूड काई मेलं नाई, सर,” म्हातारबुवा म्हणाले. “तुमी याचा गळा धरला हाय. तबल्याले आमी चुंबळ कायले देतो? बूड जमिनीले टेकू नये म्हनून.”

चुंबळ! बाया पाण्याची घागर डोक्यावर घेताना जी कापडाची वेटोळी ठेवतात, तीच तबल्या-डग्ग्याखाली असते. तबल्याच्या पुडीवरील शाईच्या वजनामुळे तिच्यातून सुरेल, एकमेकांच्या पटीतले स्वर निघतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली जगाला सांगितले, आणि आपण ते अभिमानाने मुलांना शिकवतो. पण शाईला मान मिळाला तसा चुंबळीला मिळाला नाही. ती बिचारी खाली दबून असते. तिचे काम एवढेच, की वाद्याला आधार द्यायचा आणि त्याचे कंपन फरशीला पिऊ द्यायचे नाही.

टॉमटॉमचे नेमके तेच झाले होते. पुडी थरथरते तसे तिच्याखालचे लाकडी खोडही थरथरते. जुन्या संचांत त्या खोडालाच लोखंडी ब्रॅकेट स्क्रूने आवळलेले असते आणि ते मोठ्या ढोलावरच्या दांड्यात अडकते. म्हणजे सारा भार खोडाच्या एका कुशीवर, आणि थरथर त्या वाटेने दांड्यात, दांड्यातून मोठ्या ढोलात निघून जायची. आवाज मरतो तो असा.

त्या दिवसापासून मला जिकडेतिकडे तेच दिसू लागले. पोळ्याला बैलांपुढे डफडी वाजत होती. ती गळ्यात पट्ट्याने लोंबत होती. दुपारी गीताई मंदिराशेजारच्या विश्वशांती स्तूपाकडे गेलो. तिथे एका भिक्षूच्या हाती पंख्याच्या आकाराचे जपानी वाद्य होते : गोल कड्यावर ताणलेले कातडे आणि कड्याला मूठ. खोड नाहीच! वर्ध्याचे या वाद्याशी जुने नाते आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू 1933 साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाचे भिक्षू आश्रमात राहिले, आणि त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत जाऊन बसला. सेवाग्रामच्या सर्वधर्म प्रार्थनेत तो अजून म्हटला जातो. संध्याकाळी आम्ही त्या प्रार्थनाभूमीवर बसलो असताना मला दुसरे एक वाद्य आठवले. 1936 साली तुकडोजी महाराज इथे गांधीजींजवळ महिनाभर राहिले होते, त्यांच्या हातची खंजिरी. जपानची ढोलकी वर्ध्याला आली, तशी विदर्भाची खंजिरी 1955 साली महाराजांबरोबर विश्वधर्म परिषदेसाठी जपानला जाऊन आली! आजही इकडच्या खेड्यांत भजनाला बसलेल्या माणसाची मूठ पाहावी. खंजिरी तो कडेला धरतो. कातड्याला त्या हाताची बोटे उगाच लागू देत नाही. वाद्य धरावे तर लागतेच. सारे कसब कुठे धरायचे यात आहे.

हे गुपित विलायतेतही कोणाला तरी उमगणारच. अमेरिकेत गॅरी गॉगर नावाच्या गृहस्थाने 1980 च्या सुमारास अशी एक पोलादी पट्टी काढली, की ढोल तिच्यावर पुडी ताणणाऱ्या बोल्टांच्या आधाराने टांगला जावा आणि खोडाला कशाचा स्पर्शच होऊ नये. मध्ये रबर. म्हणजे आपली चुंबळच. फक्त ती खाली न ठेवता वर लावलेली.

भाच्याला एवढे पुरे होते. तिसऱ्या दिवशी आधी सोप्या गोष्टी उरकल्या. या जुन्या ढोलांच्या पोटात आवाज दाबण्यासाठी बनातीची एक गादी असते आणि बाहेरून फिरकीने ती पुडीला टेकवता येते. ती टेकलेलीच होती, मागे फिरवली. वरची-खालची दोन्ही पुडी समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे फिरवून सगळीकडे सारखी ताणली आणि दोघींचा स्वर जुळवला. कारण आतल्या हवेच्या मार्फत एक दुसरीला हलवते, आणि स्वर जुळले की नाद अधिक वेळ टिकतो. मग वेल्डिंगच्या दुकानातून पोलादी पट्टी वाकवून घेतली, मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानातून रबरी वॉशर आणले. ब्रॅकेट खोडावरून काढून पट्टीवर बसवले. नवे भोक पाडायचे नाही, हा माझा एकच हट्ट होता. जुन्या वस्तूला पाडलेले भोक परत बुजत नाही. जुने स्क्रू एका डबीत घालून डबी संचाबरोबर ठेवली. उद्या कोणाला ढोल होता तसा करावासा वाटला तर करता यावा. जमिनीवर तीन पायांनी उभा राहणारा जो मोठा टॉम असतो, त्याच्या पायांखाली फोमचे तुकडे सरकवले, तर तोही आधीपेक्षा घुमू लागला.

ज्या घरी असा संच असेल त्यांनी पैसे खर्चण्यापूर्वी म्हातारबुवांची परीक्षा करून पाहावी. ढोल कड्याशी दोन बोटांवर धरावा, एक थाप मारावी. मग तो जागेवर बसवून तीच थाप मारावी. दोन आवाजांत जेवढे अंतर, तेवढे बैठकीने खाल्ले असे समजावे. अंतर नसेल तर मग लाकडाकडे, पुडीकडे पाहावे. उगाच पट्टी करण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी भाचा वाजवायला बसला. डाव्या टॉमवरून उजव्यावर, उजव्यावरून जमिनीवरच्या टॉमवर अशी काठी धावली आणि तीन पायऱ्यांनी खाली उतरावे तसे तीन घुमारे एकामागून एक उमटले. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पण ताई गॅस बंद करायला वळली नाही. ती दाराशी आली.

“एवढ्या जोरात नको रे,” ती म्हणाली. “शेजारचे काका आजारी आहेत.”

भाच्याने काठ्या खाली ठेवल्या.

“थांबू नको म्हटलं का मी?” ताई म्हणाली. “हळू वाजव.” आणि पदराला हात पुसत ती तिथेच, चौकटीला टेकून उभी राहिली.